पॅनेलमागची तार

दत्तोपंत रेठरेकरांचा उजवा हात आठ महिन्यांपासून कापत होता. इंदुरात ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती, एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको शशिकला.

दत्तोपंत विमानाचे मेकॅनिक होते. होळकर दरबारातले एक जुने सरदार आप्पासाहेब यांच्याजवळ तीन बैठकांचं एक छोटं विमान होतं. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, हत्ती-घोडे विकले गेले, पण विमान राहिलं, आणि विमानामुळे पंतही राहिले. त्यांच्याकडे दिल्लीचं लायसन्स होतं. त्यांच्या सहीशिवाय ते विमान जागचं हलू शकत नव्हतं. राहायचं क्वार्टर आप्पासाहेबांच्याच आवारात होतं. हाताची गोष्ट फुटली असती तर लायसन्स, नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर तिन्ही एका दिवसात गेली असती.

म्हणून पंतांचे हात शशिकला झाली. तिचे वडील सराफ्याजवळ घड्याळं दुरुस्त करायचे, आणि लहानपणापासून चिमट्याने केसाएवढ्या स्प्रिंगा उचलायची तिला सवय होती. दर रविवारी हँगरचा चौकीदार बाजाराला जाई. त्या वेळात ती डबा घेऊन बिजासनीच्या टेकडीखालच्या विमानाच्या मैदानावर येई. पंत सांगत, ती करी, आणि वहीत सही मात्र पंतांची पडे. तेवढी एक सही ते मनगट टेबलावर दाबून कसेबसे करत.

त्या हिवाळ्यात पहिली निवडणूक आली आणि आप्पासाहेब मानपुरकडून अपक्ष उभे राहिले. विमानाला भोंगा बांधून गावोगावी वरून भाषण करायचं, असं त्यांनी मनात घेतलं. भोंग्याच्या ॲम्प्लिफायरला वीज हवी, म्हणून समोरच्या पॅनेलवर एक सॉकेट बसवायचं फर्मान निघालं.

"सोमवारी मी निघून राहिलो आहे, पंत," ते म्हणाले. "काम होऊन जायला पाहिजे."

रविवारी सकाळी शशिकला पॅनेलखाली उताणी पडली. जागा एवढी अरुंद होती की मान वळवली तर गाल लोखंडी नळीला लागे. पंतांनी बाहेरून सांगितल्याप्रमाणे तिने भोक पाडलं, सॉकेट बसवलं, फ्यूज लावला. बैठकांमागच्या बॅटरीपासून एक जाड तार आणून सॉकेटला जोडली.

"परतीची तार?" तिने विचारलं.

"कशाला? विमानाचा सांगाडा लोखंडीच आहे. मोटारीसारखं त्यालाच जोड."

तिने जोडलं. हत्यारं आवरायला ती मागे बॅटरीपाशी गेली, तेवढ्यात बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला. पंतांचा चेहरा उतरला. त्यांनी आत चढून कॅनव्हासचं कव्हर तिच्या अंगावर ओढलं आणि ते खाली उतरले.

आप्पासाहेबांबरोबर त्यांचा पायलट मालोजी होता. "सोमवारपर्यंत दम कुणाला आहे, भिया," असं म्हणत आप्पासाहेबांनी ॲम्प्लिफायर चढवला, भोंगा पंखाखाली बांधून घेतला आणि स्वतः पुढच्या बैठकीत बसले. मालोजी त्यांच्या शेजारी बसून कंट्रोल तपासू लागला.

शशिकला गुडघे छातीशी घेऊन पडली होती. बॅटरीच्या ॲसिडचा वास नाकात जात होता. दोन बैठकांच्या फटीतून तिला पॅनेलचा एक तुकडा दिसत होता, आणि त्यात होकायंत्र. शिंक आली तर सगळं संपलं, म्हणून तिने पदर तोंडात धरला.

आप्पासाहेबांनी ॲम्प्लिफायरची पिन सॉकेटमध्ये घातली. "भाइयों और बहनों," भोंगा गरजला आणि पत्र्याचं हँगर थरथरलं.

त्याच क्षणी होकायंत्राची सुई सरकली.

विमान जागेवर उभं होतं, तरी सुई चांगली वीस अंशांनी फिरली. आप्पासाहेबांनी बटण बंद केलं तशी ती परत आली. पुन्हा लावलं, पुन्हा फिरली. घड्याळाजवळ लोहचुंबक नेलं तर घड्याळ बिघडतं, हे तिला कळू लागल्यापासून माहीत होतं. आपण बसवलेली तार चुंबकाचं काम करते आहे हे तिच्या लक्षात आलं. ते दोघं मात्र माइककडे बघत होते.

"वा," आप्पासाहेब म्हणाले. "चल मालोजी, आत्ताच मानपुरपर्यंत एक चक्कर मारू. पंत, पंखा फिरवा."

मानपुरच्या वाटेवरच्या घाटात या दिवसांत धुकं साचतं. खालचा रस्ता दिसेनासा झाला की सुईवरच भरवसा. पंत पंख्यासमोर उभे राहिले ते नुसतेच. बायको आत आहे हे त्यांना ठाऊक होतं. उजवा हात पंख्याच्या पात्यावर ठेवला होता आणि पातं त्या हाताबरोबर हलत होतं.

"पंत, काय झालं?" मालोजीने विचारलं.

शशिकलाने कव्हर बाजूला केलं.

"आप्पासाहेब, होकायंत्र चुकतंय," ती म्हणाली. "भोंगा चालू केला की सुई फिरते. बघून घ्या."

मालोजी दचकून वळला. आप्पासाहेबांनी तिच्याकडे एकवार पाहिलं. मग त्यांनी बटण लावलं, सुई पाहिली, बंद केलं.

"हे कोणी बसवलं?"

पंत पुढे होऊन काही बोलणार होते. त्यांच्याआधी तिने सांगितलं, "मी. त्यांचा हात चालत नाही."

त्यांच्या डोळ्यांसमोर तिने काम दुरुस्त केलं. सांगाड्याची जोडणी काढून परतीची दुसरी तार बॅटरीपासून आणली, दोन्ही तारा वेणीसारख्या एकमेकींना पिळून सॉकेटपर्यंत नेल्या, म्हणजे जाणाऱ्या विजेचं चुंबकत्व येणारी वीज मारेल. आता भोंगा लावला तरी सुई ढळली नाही. मालोजीने तिला हात जोडले. आप्पासाहेब हसले.

"बात इथेच राहील, वहिनी. काम चालू ठेवा."

त्या शब्दांनी पंतांना हायसं वाटलं. शशिकलाला वाटलं नाही. आत्तापर्यंत त्यांचं गुपित त्यांच्याच खिशात होतं, आता ते आप्पासाहेबांच्या खिशात गेलं होतं.

आठवड्याभरातच त्याचा प्रत्यय आला. आप्पासाहेबांनी दुप्पट ताकदीचा ॲम्प्लिफायर आणला. ऐन भाषणात फ्यूज उडू लागला. ते क्वार्टरच्या दारात येऊन उभे राहिले.

"फ्यूज काढून तांब्याची जाड तार टाकून द्या, वहिनी."

"त्याने आतली तार तापेल. बॅटरीच्या वर पेट्रोलची टाकी आहे."

"मतदानापर्यंत पंधरा दिवसांचा सवाल आहे." त्यांनी आवाज चढवला नाही. "पंतांची तब्येत कशी आहे? दिल्लीवाले विचारून राहिले होते."

ते गेल्यावर पंत खाटेवर बसले. "लाव," ते म्हणाले. "पंधरा दिवस कसेतरी काढू."

"आणि मालोजी?"

पंतांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"मी लावणार नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लावून घेतलं तर त्याची वहीतली सही मी तुम्हाला करू देणार नाही."

त्या दिवशी दोघं जेवली नाहीत. दुपार कलल्यावर पंतांनी दौत आणि कागद मागितला. दिल्लीच्या ऑफिसला चिठ्ठी लिहायची, हात गेला आहे, लायसन्स परत करतो, आणि या विमानाला विजेचा जास्तीचा भार देऊ नये. तिने टाक उचलला.

"नको," पंत म्हणाले. "मीच लिहितो. अक्षर बघूनच त्यांची खात्री पटेल."

चार ओळींना तासभर लागला. त्याच मजकुराची नक्कल त्यांनी मालोजीसाठी काढली, ती शशिकलाने स्वतः नेऊन त्याच्या हातात दिली. मालोजीने दुसऱ्या दिवसापासून विमानाला हात लावला नाही. आप्पासाहेबांनी दोन दिवसांत क्वार्टर रिकामं करायला सांगितलं, आणि प्रचाराला बैलगाड्यांवर भोंगे लावले. निवडणुकीत ते पडले, पण त्याचं शशिकलाला ना सुख ना दुःख.

परदेशीपुऱ्यात एक खोली मिळाली. पंत दिवसभर दाराकडे पाठ करून बसत. नोकरीबद्दल ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणंच तिला जास्त जड जाई.

महिन्याभराने पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायचं काम तिला मिळालं. मालक पांडुरंगजींनी तिच्याकडून एक कॉइल गुंडाळून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मान डोलावली. मग मागच्या कोपऱ्यातला पडदा दाखवला.

"तिथे बसा, बाई. गिऱ्हाईक येतात, बाईमाणूस दिसलं तर उगाच बोलत राहतात."

शशिकलाने पडद्यामागे डोकावलं. आत एक स्टूल होतं, एक दिवा होता, आणि पाय लांब करायला जागा नव्हती. तिने स्टूल उचललं, खिडकीपाशी आणून ठेवलं आणि बसली.

"इथे उजेड आहे," ती म्हणाली. "तार द्या."

पांडुरंगजींनी तारेचं रीळ आणून तिच्यापुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशी पडदा तिथेच होता, पण स्टूल कुणी हलवलं नव्हतं.