मुंगीचा कौल

सोमवार, सकाळचे साडेसहा. उंब्रजच्या माळावरच्या मठात नाथाजीबाबांनी राखेच्या वाफ्यावरचं फडकं उचललं. आदल्या सांजेला तिथं मधुमेही बनाबाईची लघवी ओतली होती. वाफ्यात एकही मुंगी आली नव्हती.

"मुंगीमातेच्या नावानं चांगभलं!" माळ दणाणला.

गोड लघवीला मुंग्या लागतात, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नसे. मधुमेहाची पारख घरोघर अशीच व्हायची. बाबांनी ती पारख तेवढी मठात आणून बसवली होती.

"डाक्टर चुकंल, कंपौंडर चुकंल," बाबा म्हणाले, "पर मुंगी चुकायची न्हाई. तिला ना डिग्री, ना फी!"

लोक हसले. बनाबाईनं ओच्यातली इन्सुलिनची बाटली काढून बाबांच्या पायाशी ठेवली. गर्दीतून हंबीरराव ते बघत होता.

हंबीरराव तिचा थोरला लेक. पलटणीबरोबर इटलीची लढाई करून नुकताच परतला होता. माठाखालच्या ओल्या वाळूत बाटली जपायची, रोज सकाळी सुई उकळायची आणि आईला टोचायची, हे काम त्यानं अंगावर घेतलं होतं. गर्दी पांगली तशी त्यानं बाटली उचलून खिशात घातली आणि वाफ्यातली चिमूटभर राख हुंगली. राखेत पांढुरकी भुकटी होती आणि तिचा वास ओळखीचा होता. इटलीत साहेबानं अख्ख्या पलटणीच्या सदऱ्यांत पिचकारीनं मारली होती ती ही पावडर. उवांवरची, डीडीटी.

पुढच्या खेपेला सांजच्याला त्यानं चारचौघांदेखत गुळाचा एक खडा वाफ्यात टाकला, एक बाहेर. सकाळी बाहेरचा खडा मुंग्यांनी काळा पडला होता. आतल्याला एकही शिवली नव्हती.

"बघा!" हंबीरराव ओरडला. "गुळाचा बी मधुमेह बरा झाला व्हय? राखंत पावडर हाय, उवा मारायची!"

बाबांची पापणी लवली नाही. "गूळ बी पावन झाला, गड्या! आता कुनाला बाधायचा न्हाई."

"मग तुमीच खावा की, म्हाराज."

बाबांनी खडा उचलला, कपाळाला लावला आणि झोळीत टाकला. काहीजण हसले, दोघं-तिघं उठून गेले. बाकीचे बसून राहिले.

बनाबाईही बसून राहिली. घरी आल्यावर ती लेकाला हाताला धरून परड्यात, न्हाणीच्या मोरीपाशी घेऊन गेली.

"मठात पावडर असंल बी. हितं कुनी टाकली रं? गेल्या साली लघवी केली की या दगडावर मुंग्यांची रांग लागायची. बघ आता."

हंबीरराव उकिडवा बसून दगड निरखत राहिला. दगड कोरडा होता. मुंगी नव्हती. मठातली लबाडी त्यानं पकडली होती, पण इथं ना राख होती, ना पावडर. त्या दिवसापासून सुईचं पातेलं चुलीवर चढलं नाही.

मग लघवीला फेस यायला लागला. बाबा म्हणाले, "रोगाचं ईख बाहीर पडतंय." पुढं बनाबाईचा चेहरा भरला. शेजारची अंबूबाई तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "आगं बने, कसं बाळसं धरलंस गं! बांगड्या बी रुतायला लागल्या की." बनाबाई लाजली. कैक वर्षं नुसती हाडं घेऊन वावरलेली बाई. हंबीररावालाही आईचं तोंड बघून बरं वाटत होतं.

पावलावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहू लागला. आडवं झालं की धाप लागायची. तेव्हा हंबीरराव आणि धाकटा आकाराम तिला घेऊन सांगलीच्या इस्पितळात गेले.

डॉक्टर परांजप्यांनी लघवी नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. नळीत दह्यासारखा पांढरा साका धरला. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि उत्तर आल्यावर हंबीररावाला व्हरांड्यात बोलावलं.

"मूत्रपिंड म्हणजे रक्ताची चाळण," ते म्हणाले. "केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे लाखो झुबके असतात तिच्यात. साखरेनं जड झालेलं रक्त वर्षानुवर्षं त्यातून गेलं, की त्यांच्या पेशी बिघडतात, भिंती जाड होतात. चाळण काही ठिकाणी फाटते, काही ठिकाणी बुजते. ठेवायचं ते गळतं आणि टाकायचं ते अंगात साठतं."

"मग त्यो फेस?"

"अंगातलं सत्त्व. नळीत पांढरं झालं ते."

"गाल?"

"पाणी."

"आन् मुंग्या? परड्यात का आल्या न्हाईत?"

"चाळण बंद पडत आली म्हणून. रक्तात साखर भरपूर आहे, ती लघवीत फारशी उतरतच नाही. मुंग्या खरंच आल्या नसतील, हंबीरराव. पण तो रोग गेल्याचा कौल नव्हता. मूत्रपिंड चालल्याचा होता."

"सुई थांबवली नसती तर?"

"हे बरीच वर्षं आत चाललं होतं. सुईनं थांबलंच असतं, असं खोटं मी सांगणार नाही. सावकाश झालं असतं. आणि सूज दिसली त्याच दिवशी आणलं असतंत तर..."

खाटेवर बनाबाई उशांना टेकून बसली होती. "काय म्हनला रं डाक्टर? बाबांच्या कानावर घाल, जरा सुजलीया म्हनावं. त्ये बघतील."

"व्हय, आये," हंबीरराव म्हणाला.

पुढं ती दिवसादिवसानं गुंगीत जाऊ लागली. आकारामला तिच्यापाशी ठेवून हंबीरराव उंब्रजला आला तो बाजारचा दिवस होता. मठाला कुलूप होतं. बाबांनी जतच्या बाजूला नवा वाफा घातल्याचं लोक सांगत होते. तो बाजारातच उभा राहिला.

"माझ्या आईचा फेस, माझ्या आईचे गाल, सगळं आमी बघत हुतो, आन् खूश हुतो. मुंगीला गोड कळतं, रोग कळत न्हाई. तुमच्या घरात कुनाला मधुमेह असंल तर सुई सोडू नगा. फेस आला, पाय सुजले, तर मठाची वाट धरू नगा. रगत तपासा. माझं ऐकू नगा वाटलं तर, पर तपासून तरी बघा."

काहींनी ऐकलं. अंबूबाई पदर तोंडाला लावून रडली. मागून एकानं विचारलं, "जतला जायला मोटार कुटनं मिळती?"

आदल्या सकाळी बनाबाईनं हंबीररावाला ओळखलं होतं. दुपारी ओळखलं नव्हतं. आजची खबर घेऊन येणारी सांगलीची मोटार बाजार उठेपर्यंत आली नव्हती.