झाडाच्या पोटात

त्याने तिसऱ्यांदा बुंध्यावर हातोडी मारली आणि सालीला कान लावला. कानात पावसाचं पाणी शिरलं, तरी आवाज चुकण्यासारखा नव्हता. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा.

"पोकळ आहे," तो म्हणाला.

बायकोने खांद्यावरचं दोराचं वेटोळं खाली टाकलं. "कितीसं?"

"वर गेल्याशिवाय कळायचं नाही."

ओसरीत उभ्या असलेल्या बाईंनी एवढं ऐकलंच. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. कुजबुजही त्यांच्या कानातून सुटत नसे. "पोकळ म्हणजे कापायचंच ना?" त्यांनी विचारलं. चार दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. परवा एक मोठी फांदी तडकली आणि मागच्या खोलीच्या छपरावर लोंबकळत राहिली. त्या खोलीत त्यांचे यजमान दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. बाईंच्या डोळ्याला डोळा नव्हता.

"आधी फांदी उतरवतो," तो म्हणाला आणि कमरेचा पट्टा आवळून चढू लागला.

ओल्या सालीवर पाय ठेवणं म्हणजे साबणावर उभं राहणं. तो इंचाइंचाने सरकत होता. खाली बायको दोर धरून होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं ती दोर धरत आली होती. त्याने तडकलेल्या फांदीचे पाच तुकडे केले. एकेक तुकडा तिने दोरावरून असा अलगद खाली घेतला, की छपराच्या एका कौलालाही धक्का लागला नाही.

मग तो बुंध्याच्या बेचक्यात आला. तिथे डोकं आत जाईल एवढं भोक होतं. त्याने विजेरी पेटवून आत वाकून पाहिलं आणि तसाच राहिला.

खालून दोराला दोन हिसके आले.

"अहो," ती ओरडली. "काय झालं?"

तो उतरला तेव्हा त्याचा चेहरा पाहून तिने त्याचा हात उलटासुलटा करून तपासला. "काही चावलं का?"

"नाही गं." त्याने पुन्हा वर पाहिलं. "आतलं सगळं लाकूड कुजून माती झालंय. आणि त्या मातीत झाडाने वरून मुळं सोडलीत. स्वतःच्याच पोटात. माझ्या मांडीएवढी जाड आहेत एकेक. आत दुसरं झाड उभं असावं तसं दिसतं." त्याने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "इतकी झाडं कापली, पण असं कधी पाहिलं नाही. आपण वरून शेंडे मोजत बसतो, आणि हे आत बसून आपलं मेलेलं अंग खाऊन जगतंय."

"ते सगळं खरं," बाई म्हणाल्या. "धोका आहे की नाही, तेवढं सांगा."

"कडेचं लाकूड हातभर जाड आहे, बाई, आणि चांगलं टणक आहे. घराकडचं वजन आत्ता गेलं. शेंडा थोडा हलका केला, की उभं राहील."

"खात्री देता?"

"झाडाची खात्री कोणी देत नाही. पण माझा बाप त्या खोलीत असता, तरी मी हेच सांगितलं असतं. आणि पाऊस थांबेपर्यंत त्याची खाट पुढच्या खोलीत हलवली असती."

बाई मागच्या खिडकीकडे बघत राहिल्या. "खाट जड आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

"दोघं आहोत आम्ही."

खाट हलवून ते पुन्हा झाडाखाली आले. तो पट्टा बांधायला गेला, तर पट्टा बायकोच्या हातात होता.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

"तू? स्टुलावर चढलीस तरी डोळे मिटतेस."

"मिटेन. वर गेल्यावर उघडेन."

तो हसला, पण तिचं बकल बसलंसुद्धा होतं. त्याने बाईंकडून शिडी मागून बेचक्याला लावली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दोर हातात घेतला.

खालून वर पाहिलं की पाऊस थेट डोळ्यांत येतो, हे त्याला माहीत नव्हतं. डोळे मिटून घेतले तरी दोर सगळं सांगत होता. ती थांबली, ते कळलं. पाय घसरला, तेही कळलं. तेव्हा त्याने दोर आवळून धरला. मागे आपण किती वेळा घसरलो आणि घरी येऊन काहीच झालं नाही असं सांगितलं, याचा तो हिशेब करू लागला. तो लागेना.

दोर कधी मनगटाला गुंडाळू नये, वरचा पडला तर खालचाही ओढला जातो, हे तो सगळ्यांना बजावायचा. त्याने दोर मनगटाभोवती दोन वेढे गुंडाळला.

वर पोचून तिने भोकात डोकं घातलं. बराच वेळ झाला.

"दिसलं का?" त्याने विचारलं.

"बोलू नका जरा."

पाणी त्याच्या कॉलरमधून पाठीवर उतरत होतं. दोर हलत नव्हता, पण तो ताठ होता, आणि त्याच्या टोकाला ती होती.