सर्जनसाहेबांचे नऊ पेशंट

एकाच सर्जनकडून एका महिन्यात नऊ पेशंट! दुसरी कोणी असती तर हरखून गेली असती. आपल्या बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

बाईंचं काम स्मरणशक्ती तपासायचं. माणूस विसरतोय तो नुसता वयामुळे की आजारामुळे, हे तासाभराच्या चाचणीतून पाहायचं आणि अहवाल लिहून द्यायचा. पण तपासायला माणसं पाठवणार कोण? डॉक्टरच. म्हणून दोन वर्षं बाईंनी दवाखान्यांचे उंबरठे झिजवले होते. या सर्जनसाहेबांनी तर त्यांना तासभर बाहेर बसवलं आणि त्यांचं कार्ड न वाचताच चहाच्या कपाखाली सरकवलं. आणि आता म्हणे ऑपरेशनच्या आधी प्रत्येक म्हाताऱ्याला यांच्याकडेच धाडतात! एवढा पुळका?

"वहिनी, येतंय ते येऊ द्या की," बाहेरच्या टेबलावर बसून वेळा देणारी नणंद म्हणाली. "गेल्या वर्षी आपण दोघी इथे माश्या मारत बसलो होतो, विसरलात?"

"विसरायला मी काय पेशंट आहे? यात कुठेतरी पाणी मुरतंय, सांगून ठेवते."

आणि मुरत होतंच. अहवाल न्यायला आलेला एक म्हातारा शिंपी बोलता बोलता म्हणाला, "तुमच्याकडून गेलं की डॉक्टर पहिलं हेच विचारतात. बाईंनी काय काय विचारलं? लक्षात ठेवायला शब्द कुठले दिले? सगळं वहीत लिहून घेतात."

"मग सांगितलेत तुम्ही शब्द?"

"मला कुठले आठवायला! बायको आत बसली होती ना, तिनं सांगितले."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अस्सं! म्हणजे साहेब चाचणी चोरतायत. उद्या स्वतःच्या दवाखान्यात एखादी मुलगी बसवतील, हेच प्रश्न विचारून घेतील, झालं. त्यांचं बघून बाकीचे डॉक्टरही तेच करतील आणि बाईंना गाशा गुंडाळावा लागेल. तोंडावर जाब विचारावा तर पेशंट आजच बंद, गप्प बसावं तर उद्या दुकानच बंद. आठवडाभर बाईंना धड जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी नणंद दबक्या पावलांनी आत आली. "वहिनी, सर्जनसाहेब आलेत. स्वतः. तपासणीला."

साहेबांनी खिशातून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. ते ऑपरेशन करत त्या हॉस्पिटलचा नवा नियम होता: सत्तरी ओलांडलेल्या सर्जननं स्मरणशक्तीचा अहवाल द्यावा, नाहीतर सुरी खाली ठेवावी. साहेबांना एकाहत्तर पूर्ण झाली होती.

"उरकून टाकू या, बाई," ते घड्याळाकडे बघत म्हणाले.

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुकान कसलं नि काय कसलं! नऊ माणसं पाठवून साहेबांनी पेपर फोडला होता. थांबा म्हणावं! चाचणी पुन्हा द्यायला येणाऱ्यांसाठी शब्दांची एक वेगळी यादी असते. ती बाईंनी खणातून काढली. आता रंगेहाथ पकडते, या आनंदात त्यांनी वाचलं, "दोरी, बशी, पूल, आरसा, कुलूप."

साहेबांनी लागलीच पाचही शब्द म्हणून दाखवले. मग आकडेमोड झाली, घड्याळाचं चित्र झालं. पाच मिनिटांनी बाईंनी विचारलं, "मघाचे शब्द सांगता?"

"चमचा, जिना, लिंबू, घंटा, रुमाल," साहेबांनी धडाधडा सांगितलं. आणि खुशीत येऊन हसले. "पाचच्या पाच ना?"

बाईंचा आनंद कुठल्या कुठे गेला. हे शब्द त्या नऊ जणांचे होते. आज या खोलीत ते कोणी उच्चारलेच नव्हते.

"डॉक्टर, आज मी वेगळे शब्द दिले होते." बाईंनी ते वाचून दाखवले.

"छे! हे तुम्ही म्हणालाच नाहीत." साहेबांचे डोळे बारीक झाले. "कोणी भरवलंय तुम्हाला माझ्याविरुद्ध? कोणाला हवंय माझं ऑपरेशनचं टेबल?"

महिनाभर आपणही या माणसाकडे असंच बघत होतो, हे बाईंना जाणवलं आणि स्वतःची लाज वाटली. त्यांनी नोंदीचा कागद पुढे केला. वर दिलेले पाच शब्द, शेजारी साहेबांनी लगेच म्हटलेले पाच, खाली पाच मिनिटांनंतरचे. साहेबांनी चष्मा लावून कागद वाचला, परत वाचला. उभा जन्म रिपोर्ट वाचण्यात गेलेला माणूस तो. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"उद्या ऑपरेशनं आहेत का?" बाईंनी हळूच विचारलं.

"दोन."

"मला हे लिहावं लागेल, डॉक्टर."

"लिहा. फोन द्या जरा इकडे."

नंबर त्यांनी खिशातल्या वहीत बघून लावला. आवाज नेहमीसारखाच करडा होता. "उद्याची माझी दोन्ही ऑपरेशनं दुसऱ्या कोणाला तरी द्या. नाही, उद्याचीच नाही. सगळीच."

फोन ठेवून ते बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग उठले, खुर्ची जागेवर सरकवली, आणि ओशाळल्यासारखे म्हणाले, "बाई, आता यापुढे तुम्हाला पेशंट पाठवणं काही जमायचं नाही मला."

बाईंना रडूच फुटलं.