पट्ट्यापट्ट्याने मिळालेले शेत

मित्रांनो, माझे पुढचे चाक सायकलचे असले, तरी मी सायकल नाही. मी आहे कोळपा, आता बराच जुना झालेला. पिकाच्या दोन ओळींमधून मला ढकलत नेले, की माझे पाते तण कापत जाते. बैल नको, डिझेल नको. दोन हात पुरतात.

मला घडवले एका वेल्डरने, आपल्या भाचीसाठी. तिचे वडील बस चालवायचे. घराण्यात कुणाच्या नावावर कुंडीभर मातीसुद्धा नव्हती, पण पोरीच्या डोक्यात शेतीचे खूळ. ती रोपवाटिकेत कामाला होती. तिथली रोपे दुसऱ्यांच्या शेतात जाताना पाहून हळहळायची.

"शेती करायची म्हणतेस, आणि शेत कुठंय?" मामाने विचारले.

"मिळेल की. आधी अवजार तर द्या," ती म्हणाली. मामा हसला आणि भंगारातली सायकल शोधायला गेला.

तिने एकाची पडीक जमीन खंडाने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, घेतली. आम्ही दोघांनी ती भुसभुशीत केली, कोबी आणि गाजरे पिकवली. तेव्हा मालकाला आपल्या जमिनीची आठवण झाली. "यंदापासून आम्हीच करू म्हणतो," तो म्हणाला. दुसऱ्या ठिकाणीही तेच झाले. तिने पुन्हा सामान हातगाडीवर लादले. माझ्या दांड्यावरची तिची पकड त्या दिवशी ढिली होती.

तिसरी जमीन एका म्हाताऱ्या जोडप्याची. काकांचे गुडघे गेले होते आणि मुलगा शहरात इंजिनिअर होता. काका बांधावर खुर्ची टाकून बसायचे आणि तिथूनच ओरडायचे, "अगं, पातं खोल चाललंय, मुळं दुखावतील."

ती दांडा जरा उचलायची. काकू चहा घेऊन यायच्या. "तिला दम तर खाऊ द्या," त्या म्हणायच्या. "तुम्हाला बसून बोलायला काय जातंय?"

ती माझी भरभराटीची वर्षे. माझा दांडा हातांनी गुळगुळीत झाला. शेजारपाजारचे मला बघायला यायचे आणि काका माझे असे गुण गायचे, जणू मला त्यांनीच बनवले होते.

मग एकदा मुलगा आला. गोदाम बांधायला जमीन हवी असलेला एक माणूस त्याने गाठला होता. मुलगा वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला आईवडील शहरात आपल्या डोळ्यांसमोर हवे होते.

"बाबा, मी काही परत येऊन शेती करणार नाही," तो म्हणाला. "तुम्हालाही होत नाही. ठेवून करायचं काय?"

काकू म्हणाल्या, "मग जी करतेय, तिला आधी विचार."

"तिच्याकडे एवढी रक्कम कुठून येणार, आई?"

"विचारून तर बघ."

मुलगा शेतात आला. तिच्या हातून मला घेऊन त्याने अर्धी ओळ ढकलली, तीही वाकडी. वाटेतली गाजरे माझ्याकडून कापली गेली. तळहात चोळत त्याने विचारले, "दुसऱ्याच्या जमिनीत एवढं का राबता?"

"दुसऱ्याची आहे, हे गाजरांना कुठे माहीत असतं?" ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मला मात्र विसरता येत नाही."

त्याने मला परत तिच्या हाती दिले. संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरात बसले, मी दाराबाहेर भिंतीला टेकून होतो. मुलगा तिला म्हणाला, "एकदम सगळी विकत घ्यायला नको. दरवर्षी पिकातून फेडता येईल तेवढा पट्टा तुमच्या नावावर करू. विहिरीच्या बाजूने सुरुवात करा. गोदामवाल्याला मी नाही म्हणून सांगतो."

"घर माझंच राहील," काका म्हणाले. "आणि बोलायचा हक्कही."

"तो कोण काढून घेतोय?" काकू म्हणाल्या. ती हसता हसता रडायला लागली.

पहिला पट्टा नावावर झाला, त्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. कुदळ घेतली आणि जमिनीत रुतलेले मोठे दगड उपसू लागली. मला जरा वाईट वाटले. मग उमगले, आजवर ती त्या दगडांना वळसाच घालत आली होती. उद्या सोडावी लागेल अशा जमिनीतले दगड कोण काढत बसतो?

पट्ट्यापट्ट्याने सारे शेत तिचे झाले. मग छोटा ट्रॅक्टर आला आणि मी खोपटात पडलो. पात्यावर गंज चढला, चाकात कोळ्याने जाळे विणले. आपला शेवट इथेच, असे मी धरून चाललो होतो.

पण परवा एक पहारेकरी आणि त्याची शिवणकाम करणारी बायको आले. त्यांना शेती करायची होती, जमीन नव्हती. माझ्या मालकिणीने त्यांना ओढ्याकाठचा तुकडा कसायला दिला, तोही बऱ्याच वर्षांसाठी, लिहून. "माती सुधारली म्हणून तुम्हाला कुणी उठवणार नाही," ती म्हणाली. मग माझे पाते घासले, चाकाला तेल घातले आणि मला त्यांच्या हाती सोपवले.

नवे हात अजून मला वाकडेच ढकलतात. शिकतील.

मित्रांनो, काम झाले की अवजार पुसून कोरडे ठेवत जा. आणि तुमच्या घरची जमीन नुसतीच पडून असेल, नि ती कसायला कुणी मागायला आले, तर त्याला दारातूनच वाटेला लावू नका. आत बोलवा, पाणी द्या आणि काय पिकवायचे मनात आहे, ते त्याला सांगू द्या.