रद्द होणारे टाइमर

दवनीवाड्याची भूमेश्वरी रहांगडाले नागपूरच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. कंपनी वीजमीटरांचे आकडे गोळा करणारा डबा बनवते. त्या डब्याचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तिच्याकडे. मीटर दहा हजारांच्या पुढे गेले की डबा गुदमरायचा.

कारण तिनंच शोधलं. मीटरला निरोप गेला की कर्नल एक टाइमर लावायचं: ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारायचं. कुणाला दोन सेकंद, कुणाला मिनिटभर, एखाद्याला तासाहून जास्त. हे सगळे टाइमर वेळेच्या क्रमानं एकाच यादीत. नवा आला की त्याची जागा शोधत यादी चाळायची.

"ट्री वापर," टीमप्रमुख प्रफुल फोनवर म्हणाला. "फांद्या-फांद्यांची मांडणी, जागा झटकन सापडते. यात विचार काय करायचा?"

भूमेश्वरीनं लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस तिनं नुसते टाइमर मोजले. शंभरातले सत्त्याण्णव वाजायच्या आधीच रद्द होत होते, कारण उत्तर वेळेत यायचं.

"सर, जे फेकूनच द्यायचे, ते क्रमानं लावायचे कायले?"

तिनं चाक बनवलं. गोल फिरणारे कप्पे, एकेका क्षणाला एकेक. टाइमर ज्या क्षणाचा, त्या कप्प्यात टाकायचा. रद्द झाला की उचलायचा; चाक फिरून तिथं आलं की उरलेले तेवढे वाजणार. शोधाशोध नाही.

"आणि तासाभरानंतरचे?" प्रफुलनं विचारलं.

"त्यांले मोठ्या कप्प्यांचं दुसरं चाक. वेळ जवळ आली का पहिल्यात."

"ज्यांना मिलिसेकंदही चुकून चालत नाही, ते?"

चाक तेवढं काटेकोर नव्हतं. "ते थोडेच आहेत, सर. त्यांच्यासाठी तुमची ट्री ठेवू."

चाळीस हजार मीटरांची चाचणी झाली. पूर्वी प्रोसेसरचा तिसरा हिस्सा टाइमरच खायचे. आता शंभरात दोन. डबा अडखळला नाही.

"मी मोजलं नव्हतं," प्रफुल म्हणाला. "तू मोजलंस. सोमवारी सगळ्या टीमला तूच समजाव."

फोन ठेवला तेव्हा दारात बाबा उभे होते, जीवनलाल. "काऊन हासून राहिली?"

तिनं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे साहेबापरीस तुह्यं बरोबर निघालं?"

"यावेळी निघालं, बाबा."

दुसऱ्या दिवशी दोघं बियाण्यांच्या दुकानात गेली, तेव्हा जीवनलाल सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माह्या पोरीनं घड्याळाचं चाक बनवलं! नागपूरवाल्यांले जमतच नव्हतं!"

घड्याळाचं नव्हे, असं म्हणायला भूमेश्वरीनं तोंड उघडलं. मग बाबांचा चेहरा पाहिला आणि त्यांच्या शेजारी मान ताठ करून उभी राहिली.