पाऱ्याचा आकडा

पाऱ्याच्या पोटात दुखत होतं, आणि ते काही खाल्ल्यामुळे नव्हे. मेहुण्याचं भलं होणार होतं ना, त्यामुळे!

पारा हे त्याचं कारखान्यातलं नाव. एकोणीस वर्षं तो गाड्यांच्या मागच्या सीटवर बसून मानेपाशी हवा किती अंश आहे ते नुसत्या अंगावरून सांगत होता, आणि यंत्राशी फरक कधी अर्ध्या अंशावर गेला नव्हता. त्यामुळे तिथे रीतच पडली होती. आधी पाऱ्याने आकडा बोलायचा, मोठ्या बाईंनी, म्हणजे मालकिणीने, तो शाईने वहीत लिहायचा, आणि मगच यंत्राकडे बघायचं.

यंदाची गाडी म्हणजे नुसते श्रीमंतांचे लाड. पण निघाली होती अशा देशाला, जिथे उन्हाळ्यात पन्नास अंश म्हणजे रोजचंच. म्हणून मागच्या सीटसाठी गार हवेच्या नव्या जाळ्या बनवल्या मेहुण्याने, म्हणजे पाऱ्याच्या बायकोच्या धाकट्या भावाने. बाईंनी त्याला सांगून टाकलं, "दहा मिनिटांत चोवीस अंश झाले, तर तिथल्या उन्हात गाडी तपासायला तू जायचंस. नाही झाले, तर जुन्या जाळ्या बसवू आणि नेहमीप्रमाणे पारा जाईल."

आता आली का पंचाईत! ज्याला बोट धरून या कारखान्यात आणलं, तोच आता डोक्यावर मिरे वाटणार. घरी बायको तर हवेतच होती. "आमचा बाळ परदेशी चालला हो!" असं सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगून झालं. पारा इतकी वर्षं जात होता, तेव्हा बाईसाहेब विचारायच्या काय, तर "मोजे घेतलेत का?"

चाचणीच्या दिवशी गाडी भट्टीत चार तास तापवली. भट्टी म्हणजे काचेची बंद खोली, छताला उन्हासारखे दिवे. पारा आत बसला, तेव्हा सीटचा चटका पँटीतून लागला. मेहुण्याने बाहेरून एसी सुरू केला आणि काचेला नाक लावून उभा राहिला.

सहाव्या मिनिटालाच पाऱ्याला कळलं. हवा अंगावर येत नव्हती, नुसती मानेभोवती पसरत होती. काय सुरेख काम केलं होतं गाढवाने! एकोणीस वर्षांत असा गारवा त्याने अनुभवला नव्हता. चोवीस, कदाचित त्याच्याही खाली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

दहा मिनिटं झाल्यावर तो बाहेर आला आणि म्हणाला, "सत्तावीस."

बाईंनी लिहिलं. मग यंत्र पाहिलं. तेवीस पूर्णांक नऊ.

आता मेहुणा उसळणार, भांडणार, असं पाऱ्याला वाटलं. उत्तरं तयारच होती. पण मेहुण्याचा चेहरा एवढासा झाला. "यंत्राची तार सैल असणार, बाई," तो म्हणाला. "भाऊजी चुकायचे नाहीत. जाळ्या माझ्याच फसल्या." आणि बाईंनी सांगायच्या आत स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याने स्वतःच जाळ्या उतरवल्या, जुन्या बसवल्या. गाडी संध्याकाळी बंदराकडे निघालीसुद्धा; पारा मागून विमानाने जाणार होता.

पाऱ्याला वाटलं होतं, थंड वाटेल. कसलं काय! दोन दिवस तो मेहुण्याची नजर चुकवत फिरला. तिसऱ्या दिवशी तो बाईंच्या खोलीत गेला. मेहुणा तिथेच होता.

"बाई, त्या दिवशी चोवीसच होते. मी खोटं बोललो."

बाईंनी वही उघडून तो आकडा पाहिला. मग हसल्या. "मेहुण्यासाठी स्वतःचं नाव घालवायला निघालात होय?"

"अहो, शप्पथ सांगतो! पोटदुखी होती माझी, जळत होतो मी याच्यावर."

"पुरे. एकोणीस वर्षं तुमचा आकडा खोटा ठरला नाही, तो आजच बरा ठरेल!" त्यांनी वही मिटली आणि तिकीट त्याच्यासमोर ठेवलं.

मेहुण्याचे डोळे भरून आले होते. "भाऊजी, माझ्यासाठी एवढं?" त्याने खिशातून एक डायरी काढली. "तिकडच्या उन्हाची टिपणं काढली होती मी. तुम्हाला लागतील."

पाऱ्याने तिकीट उचललं. डायरीही घेतली. मेहुण्याचा इतका हेवा त्याला आजवर कधीच वाटला नव्हता.