कार्डावरचं नाव

क्लाउड म्हणजे काय, हे माझ्या धाकट्या जावेला मीच समजावून सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं कितीतरी दिवस मी मनातल्या मनात एवढंच घोकत होते.

मुरूमला आम्ही दोघी एकाच घरात राहतो. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि अकरा वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवते. दर जूनला नव्यानं अर्ज करायचा आणि तास मिळतात की नाही याची वाट बघायची. त्याला कंटाळून मी क्लाउडचा ऑनलाइन कोर्स सुरू केला. राजेश्वरी दोन वर्षांपूर्वी माझ्या दिराशी, विरुपाक्षशी, लग्न होऊन ईटहून आली. ती बी.ए. झालेली. दुपारी माझा कोर्स चालू असला की शेंगा फोडत शेजारी येऊन बसायची.

"अक्का, ढगात ठेवतेत तरी काय?" एकदा तिनं विचारलं.

"आपले अप्पा तूर ठेवायला स्वतःचं गोदाम बांधतात का? मार्केट यार्डातल्या गोदामात ठेवतात. जेवढी पोती, जेवढे दिवस, तेवढंच भाडं. छत गळलं तर बघायचं काम त्यांचं. कंपन्यांचंही तसंच. कॉम्प्युटर दुसऱ्याचे, कुठंतरी लांब ठेवलेले. लागतील तेवढे वापरायचे."

तिनं हातातली शेंग फोडली. "मग चावी कुणाकडं?"

चावी कुणाकडं, हा या विषयातला पहिला खरा प्रश्न आहे. मला तो तिसऱ्या आठवड्यात पडला होता.

त्यानंतर तीही शिकायला लागली. अप्पा, म्हणजे आमचे सासरे शरणप्पा, ओसरीवरून म्हणायचे, "दोघी सुना ढगावर चढल्या म्हणं! चढताच हाव तर दोन ढग हिकडं बी वळवा की. सोयाबीन माना टाकाय लागलंय."

माझी पद्धत ठरलेली. एक प्रकरण पूर्ण वाचायचं, टिपणं काढायची, मगच दुसरं. माझ्याकडं दोनशे बारा पानांच्या नोट्स झाल्या. राजेश्वरीनं एकही पान लिहिलं नाही. तिनं मोफतचं खातं उघडलं, एक मशीन सुरू केलं, ते बंद पडलं, पुन्हा सुरू केलं. कुठं अडलं की "अक्का, हे लाल लाल काय आलंय?" म्हणून लॅपटॉप माझ्यासमोर आणायची. दोन महिन्यांत तिनं मुरूमच्या बाजारातले तूर, उडीद आणि सोयाबीनचे रोजचे भाव दाखवणारं एक पान क्लाउडवर चढवलं. गावातले लोक ते मोबाइलवर बघायला लागले. अप्पाही बघायचे. माझ्या नोट्स कुणी बघितल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या एका छोट्या कंपनीची जाहिरात आली. घरून काम, क्लाउड सपोर्टची एकच जागा, नवखे चालतील. आम्ही दोघींनी अर्ज केला. माझी मुलाखत आधी झाली. समोरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः काय बनवलंय?" मी म्हणाले, "अजून अभ्यास चालू आहे." त्या "छान" म्हणाल्या.

राजेश्वरीची मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "आमचे सासरे तूर ठेवायला गोदाम बांधत नाहीत, मॅडम." पुढं माझीच वाक्यं, माझ्याच क्रमानं. फक्त चावीचा प्रश्न तिचा स्वतःचा. पलीकडची बाई मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "असं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं."

माझ्या हातातल्या टॉवेलची घडी मी तीनदा मोडली.

निवड तिची झाली. अट एकच होती, वीस तारखेच्या आत प्राथमिक प्रमाणपत्राची परीक्षा पास व्हायची. माझ्या मेलमध्ये लिहिलं होतं, प्रतीक्षा यादीत पहिला क्रमांक. तिनं पेढे आणले आणि पहिला मला दिला. "तुमच्यामुळं झालं, अक्का," असं म्हणाली. तिनं आभार मानले नसते तर मला सोपं गेलं असतं.

परीक्षा शनिवारी, अठरा तारखेला, सोलापूरच्या केंद्रावर होती. बुधवारी तिनं नोंदणीचा फॉर्म माझ्यापुढं ठेवला. "एकडाव नजर घाला की. तुमच्या नजरंतून काय सुटत न्हाय."

फॉर्मवर नाव होतं राजेश्वरी विरुपाक्ष बिराजदार.

हे नाव तिला लग्नात मिळालं होतं. ताटात तांदूळ पसरून दिरानं अंगठीनं ते लिहिलं, त्या वेळी मी शेजारीच उभी होते. तिचं आधीचं नाव निकिता बलभीम शेटे. आधारकार्डावर अजून तेच आहे, कारण बदलायला उमरग्याला जायचं दर महिन्याला पुढं ढकललं जातं. माझ्या लग्नात ताट पुढं आलं तेव्हा मी नवऱ्याच्या कानात म्हणाले होते, "दहावीपासून सात कागदांवर सुमंगला आहे, तेच लिहा." त्यांनी तेच लिहिलं. म्हणजे हा घोळ या घरात कुणाला कळायला हवा होता, तर मला.

आणि मला कळला. फॉर्मखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे आणि दुरुस्ती गुरुवारपर्यंत करता येईल.

"ठीक आहे," मी म्हणाले.

गुरुवारी मी चारदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा तिनंच विचारलं, "काय हवंय, अक्का?" मी म्हणाले, "चार्जर." चार्जर माझ्या हातातच होता. तिला हसू आलं. शुक्रवार उजाडल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, कारण आता सांगून उपयोग नव्हता.

शनिवारी अप्पा म्हणाले, "एकटी कशाला जाती? सुमंगला, तू जा संगं." पोटात दुखतंय म्हणता आलं असतं. मी गेले. नळदुर्गपर्यंत ती मला प्रश्न विचारायला लावत होती. सगळी उत्तरं बरोबर आली.

केंद्रावरच्या माणसानं आधी कार्ड बघितलं, मग स्क्रीन, मग पुन्हा कार्ड. "ह्या निकिता शेटे. बुकिंग राजेश्वरी बिराजदारांचं आहे."

"दोन्ही मीच की," ती म्हणाली. "लग्नात नाव बदललंय."

"तसा काही कागद?"

"फोटो हायत लग्नाचे. तांदळातलं नाव बी दिसतंय त्यात. दावू का?"

तो कसनुसा हसला. "ताई, सिस्टीम तांदूळ वाचत नाही."

तिनं विनवण्या केल्या, विरुपाक्षला फोन लावला, त्याचं आधार मोबाइलवर मागवून दाखवलं. तो मान हलवत राहिला. शेवटी ती माझ्याकडं वळली, डोळे भरलेले, तरी हसत त्याला म्हणाली, "ह्या माझ्या जाऊबाई. एम.एस्सी. हायत. ह्यांनी सोता तपासलं होतं. ह्यांच्या नजरंतून सुटलं म्हंजे कुणाच्या बी सुटलं असतं."

"सुटलं नव्हतं," मी म्हणाले.

ठरवून बोलले नाही. चुकीचं निरीक्षण कुणी खरं म्हणून नोंदवलं की माझ्याकडून राहवत नाही, तेवढंच झालं असावं.

"म्हंजे?"

"बुधवारीच दिसलं होतं मला."

"आन् बोलला न्हाईत?"

"नाही."

"का?"

"जागा एकच होती."

केंद्रावरच्या माणसानं स्क्रीनकडं तोंड फिरवलं. तिनं कार्ड पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली, "मागायची होती की मग. दिली असती का न्हाय, ते मला बी म्हाईत न्हाय. पर मागायची होती."

जिन्यात उभं राहून तिनं कंपनीला फोन केला. मी दोन पायऱ्या वर होते. "नावात माझी चूक झाली, मॅडम," ती म्हणाली. माझा उल्लेख नाही. तिला आणखी आठ दिवस मिळाले. ते ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. प्रतीक्षा यादीतला माझा क्रमांक मला आठवला. खोटं कशाला सांगू?

बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसली. घरी तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. "नावाचा घोळ झाला," एवढंच.

संध्याकाळी ती ओसरीवर लॅपटॉप घेऊन नवा फॉर्म भरत होती. मी आतल्या उंबऱ्याशी डाळ निवडत होते, आमच्यात चार पावलांचं अंतर असेल. फॉर्म भरून झाल्यावर तिनं मान वर केली. मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"अप्पा," तिनं हाक मारली, "जरा हिकडं येता का? एक नाव तपासायचंय."

अप्पा सातवी शिकलेले. त्यांना इंग्रजी अक्षरं येतात ती पोत्यांवर व्यापाऱ्यांचे शिक्के वाचून. त्यांनी चष्मा पुसला, एका हातात आधारकार्ड धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट स्क्रीनवर टेकवलं.

"एन. आय. के," ते मोठ्यानं म्हणाले. "आय. टी. ए. बरोबर हाय. आता फुडं. बी. ए... पोरी, ह्यो आय हाय का एल?"

मला माहीत होतं. त्या क्षणी मला अप्पांचाही हेवा वाटला.

"कोणतं बी असू द्या, अप्पा," ती म्हणाली. "कार्डावर हाय तसंच हाय का, तेवढं सांगा."

अप्पांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, मग स्क्रीनच्या शेजारी धरलं, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.